थेल्मा रिटर पडद्यावर आली की मी सरसावून बसते

हिचकॉकचा रिअर विंडो हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो सगळे बघतात तसाच, सस्पेन्ससाठी, पण संपल्यावर डोक्यात राहिली ती स्टेला, म्हणजे थेल्मा रिटर. पाय प्लॅस्टरमध्ये घालून व्हीलचेअरवर अडकलेल्या जेम्स स्टुअर्टकडे रोज येणारी नर्स. त्याची मालिश करता करता ती सांगते की १९२९ ला शेअर बाजार कोसळणार हे मला आधीच कळलं होतं, कारण तेव्हा मी जनरल मोटर्सच्या एका डायरेक्टरची सेवा करत होते, सगळे म्हणायचे त्याला किडनीचा त्रास आहे आणि मी म्हणत होते माणूस घाबरलाय. हे सगळं इतकं सहज, हात चालू ठेवून, की वाटतं या बाईने आयुष्यभर खरंच आजाऱ्यांचंच केलंय.

मग मी तिचं जे मिळेल ते बघत सुटले. थेल्मा रिटर, जन्म १९०२, ब्रुकलिन. न्यूयॉर्कला अभिनय शिकली, नाटकांत कामं केली, लग्न, दोन मुलं, मध्ये मोठी गॅप, मग रेडिओ. पहिला सिनेमा १९४७ चा, मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट, म्हणजे तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती! मुलासाठी खेळणं शोधून थकलेली आई, एवढुसा रोल, श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. ब्रुकलिनचा तो खरखरीत उच्चार तिने शेवटपर्यंत सोडला नाही आणि माझ्या मते तिची निम्मी ताकद त्यातच आहे.

सहाय्यक अभिनेत्रीसाठी सहा ऑस्कर नॉमिनेशन्स, त्यातली चार तर १९५० ते ५३ च्या सिनेमांसाठी लागोपाठ, आणि एकदाही मिळालं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. १९५५ च्या ऑस्कर सोहळ्याच्या न्यूयॉर्कमधल्या भागाचं सूत्रसंचालन तिने केलं, पण बाहुली हातात आली नाही ती नाहीच. नाटकासाठी १९५८ ला टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचं मोठं बक्षीस, मिळालं, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून, तेवढं बरं. ऑल अबाउट ईव्हमध्ये बेटी डेव्हिससमोर ती फक्त मदतनीस बर्डी, पण गोड बोलून मालकिणीच्या जवळ शिरलेल्या ईव्हचं खरं रूप सगळ्यात आधी ओळखते ती हीच. नंतर बर्डी कथेतून जवळजवळ गायबच होते, ते मला अजून खटकतं. द मेटिंग सीझनमध्ये सुनेच्या घरी ती येते आणि सून तिला स्वयंपाकीण समजते, तीही गुपचूप कामाला लागते. गोष्ट अख्खी हिची, नॉमिनेशन मात्र सहाय्यकचं. आणि हीच बाई १९६२ च्या बर्डमॅन ऑफ अल्काट्राझमध्ये मुलावर हक्क गाजवणारी कठोर आई होते, ओळखू येत नाही इतकी वेगळी.

१९६९ मध्ये ती गेली, सदुसष्टाव्या वाढदिवसाला नऊ दिवस राहिले होते.

पण तिचं एकच काम बघायचं असेल तर १९५३ चा पिकअप ऑन साउथ स्ट्रीट बघा, सॅम्युअल फुलरचा. त्यात ती मो नावाची म्हातारी आहे, नावाला टाय विकते, खरं पोट चालतं ते पोलिसांना खबर विकून. पैसे साठवतेय स्वतःच्या अंत्यविधीसाठी, बेवारशांच्या दफनभूमीत जायचं नाही एवढीच इच्छा. एका रात्री दमून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते, तर समोर पिस्तूलवाला माणूस. ती ना ओरडते ना रडते, फक्त सांगते की मी फार थकलेय, तू मारलंस तर माझ्यावर उपकारच होतील. आवाज अजिबात चढवत नाही हो, नुसता दिवसभर चालून पाय दुखणाऱ्या बाईचा आवाज. कॅमेरा बाजूला रेकॉर्डकडे सरकतो आणि गोळीचा आवाज येतो. तो सीन मी कितीतरी वेळा बघितलाय, दरवेळी घसा दाटतो.

ज्या पाकीटमाराची खबर तिने पोलिसांना विकली होती, तोच पुढे बेवारशांच्या शवपेट्या नेणाऱ्या बोटीवर जातो आणि तिची पेटी मागून घेतो.