नुसतं चिकन म्हणजे आख्खा उंदीर नव्हे

चिंगी लंगडायला लागली तेव्हा मला वाटलं कपाटावरून उडी मारताना पाय मुरगळला असेल. साडेचार महिन्यांचं मांजरीचं पिल्लू, दिवसभर पडद्याला लटकणार, कुठेतरी लागणारच ना. दोन दिवस वाट बघितली. मग तिने उड्याच बंद केल्या, उचलायला गेलं की कळवळायची, तेव्हा मात्र घाबरून डॉक्टरकडे पळाले. एक्सरेत हाडं कशी पांढरीफटक दिसायला हवीत, हिची धुरकट राखाडी, मांस कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं तेच नीट कळेना. फ्रॅक्चर नव्हतं एवढंच नशीब.

"खायला काय देताय?" मी अगदी छाती फुगवून सांगितलं, कच्चं चिकन! ताजं, बोनलेस, दोन महिने झाले, पाकिटातलं खाणं पूर्ण बंद. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझी शाळा घेतली.

झालं असं होतं की मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. शरीराला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त लागतं आणि नुसत्या मांसात उलट फॉस्फरसच कितीतरी पट. मग रक्तात कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांमधून ओढून आणते, म्हणजे पिल्लू वाढतंय आणि त्याचवेळी आतून स्वतःचीच हाडं खातंय. जंगलातली मांजर बोनलेस खात नाही हो, ती उंदीर खाते, हाडं, कलेजी, हृदय सगळ्यासकट!

एवढी साधी गोष्ट मला का सुचली नाही? कारण मी अर्धवटच वाचलं होतं. हे कच्च्या मांसाचं फॅड पसरवण्यात इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन व्हेटचा (जनावरांच्या डॉक्टरचा) मोठा हात, १९९३ पासून. पण त्यांचाही भर हाडांवर होता, नुसत्या मांसावर नाही. रॉ वाल्यांचं, म्हणजे कच्चं खायला घालणाऱ्यांचं, नेहमीचं गणित ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के बाकीचे अवयव असं असतं, मी त्यातले ८० उचलले आणि २० सोडून दिले. आणि ते गणित पाळलं तरी व्हिटॅमिन ई, आयोडीन, मँगनीज कमी पडू शकतं. बरं, भरपाई म्हणून रोज कलेजी द्यावी तर व्हिटॅमिन ए जास्त होऊन मांजरीच्या मानेचे मणके एकमेकांना जुळू शकतात. मांजरीला टॉरिनही (मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल) लागतं, ते कमी पडलं की हृदय कमकुवत होऊन फुगतं, हे १९८७ मध्ये कळलं आणि तेव्हा ती मांजरं तयार खाणं खाणारीच होती, म्हणजे पाकीटवाल्यांनीही फार टेंभा मिरवू नये.

आमच्या मोतीला पण कच्चं चालू होतं, त्याला काहीच झालं नाही. खरं सांगायचं तर त्याची शी कमी आणि घट्ट झाली होती (हा विषय रॉ वाल्यांच्या गप्पांमध्ये इतका येतो की विचारू नका). पण तो मोठा कुत्रा, आणि "कुत्रा म्हणजे लांडगाच" हे मला आता पटत नाही, माणसासोबत राहून कुत्र्यांमध्ये स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या कॉपीज वाढल्यात, २०१३ च्या अभ्यासात आलंय ते. लांडगा भात खाऊन ढेकर देणार नाही, मोती देतो.

शेवटी मोतीचंही कच्चं बंद केलं ते जंतूंमुळे. साल्मोनेला असला तरी कुत्रा वरून ठणठणीत दिसू शकतो पण शीतून तो बाहेर टाकत राहतो आणि मग तेच तोंड घेऊन तो सासूबाईंचे हात चाटणार, त्या ऐंशीच्या. मी आपली फ्रीझर वर भरवसा ठेवून होते, तर फ्रीझरमध्ये साल्मोनेला मरतच नाही, नुसता झोपतो. त्यात २०२४ च्या शेवटी अमेरिकेत कच्च्या पोल्ट्रीच्या खाण्यातून मांजरांना बर्ड फ्लू होऊन ती मेल्याचं वाचलं आणि विषयच संपला.

आता दोघांचंही शिजवते, आहाराचं काम करणाऱ्या व्हेटने लिहून दिलंय तसं, वजनकाट्यावर ग्रॅम मोजून, कॅल्शियमची पावडर आणि टॉरिन घालून. ज्यात शिजवलं ते पाणी फेकायचं नाही, टॉरिन त्यात उतरतं. शिजवलेलं हाड मात्र कुणालाच नाही, त्याच्या टोकदार ढलप्या होतात.

चिंगी सहा आठवडे पिंजऱ्यात होती, उड्या बंद. सुटल्या दिवशी पाचव्या मिनिटाला पडद्यावर. फक्त शिजवलेली वाटी समोर ठेवली की आधी वास घेते, मग पंजाने फरशी खरवडून त्यावर माती ओढल्यासारखं करते, अगदी लिटर बॉक्समध्ये करते तस्सं. मग माझ्याकडे एकदा बघते आणि खाते.