निब सुटी मिळत नाही

टेबलावरून घरंगळलेलं पेन नेमकं निबेवर पडतं. आमच्याकडे तेच झालं. लेकीने चिडून वही ओढली, वहीबरोबर पेन निघालं, फरशीवर क्षणभर भाल्यासारखं उभं राहिलं आणि मग सावकाश आडवं झालं. उचलून बघितलं तर निबेची दोन टोकं भांडलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून बसलेली.

"आई, तू नीट करशील ना?"

आता कबूल करायलाच हवं. पाचवीपासून शाईचं पेन वापरायचं, अक्षर वळणदार होतं, असं शाळेतून आलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "त्यात काय एवढं?" लेकीचा समज असा, की आईच्या लहानपणी सगळे शाईनेच लिहायचे. मीही तो मोडला नाही. खरं तर माझी अख्खी शाळा पांढऱ्या दांडीच्या आणि निळ्या टोपणाच्या रेनॉल्ड्सवर झाली, कॉलेज जेल पेनावर. शाईची दौत मी चाळिशीपर्यंत उघडलेली नव्हती.

पहिल्यांदा पेन भरलं ती गंमतच. पेनाच्या पोटात शाई ओढायची एक छोटी पिचकारी होती, तिला कन्व्हर्टर म्हणतात हे नंतर कळलं. मी चहात बिस्किट बुडवावं तसं निबेचं नुसतं टोक शाईत बुडवलं आणि मागचा खुंटा फिरवला. पिचकारीत हवा आली. पुन्हा फिरवला, पुन्हा हवा. समोर सासरे पेपरामागे बसले होते. शब्दकोडं सोडवत असले की अण्णा पेपर खाली घेत नाहीत, पण त्यांना सगळं दिसत असतं.

"अगं, लाजतेस काय? बुडू दे तिला. मानेपर्यंत बुडव."

म्हणजे निब अख्खी आत आणि वरची पकड सुरू होते तिथपर्यंत शाई. आधी खुंटा उलटा फिरवून हवा बाहेर काढायची, बुडबुडे आले की सुलटा फिरवून शाई ओढायची, परत दोन-तीन थेंब दौतीत सोडायचे, मग फडक्याने निब पुसायची. एवढंच. मला यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत माझी बोटं, ओट्याचा कोपरा आणि एक पांढरा टॉवेल निळे झाले. टॉवेल अजून तसाच आहे, शाई कॅमलची रॉयल ब्लू.

भरूनही पेन अडखळत चाललं. एक ओळ उमटायची, दुसरी कोरी. मग वाचनात आलं की नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, म्हणून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून आधी धुऊन घ्यायचं. धुतलं, चाललं. अण्णांना हे काही पटलं नाही. "आम्ही असले लाड केले नाहीत. निबेला थुंकी लावायची की चालायला लागतं." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी लेकीकडे बघितलंच नाही.

तर अशा कष्टाने चालतं झालेलं पेन आता फरशीवर पडलं होतं.

मी एबीसीत, म्हणजे अप्पा बळवंत चौकात गेले. पुण्यात वही-पुस्तक म्हटलं की पाय तिकडेच वळतात. पहिल्या दुकानात मुलगा म्हणाला, "निब सुटी मिळत नाही, ताई." दुसऱ्यात, "पेनच घ्या ना, शंभरात येतं." तिसऱ्यात मी निब म्हटल्यावर त्याने मला चित्रकलेचा टाक दाखवला. हात हलवत घरी आले तर अण्णा पेपराआडून म्हणाले, "समर्थ सांगून गेलेत, नाना देशीचे बोरू आणावेत. तू एका चौकातून परत आलीस." दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या सुरुवातीलाच लेखनक्रियेवर एक समास आहे, त्यातलं ते. बोरू कसा निवडावा इथपासून त्यात सांगितलंय. निब वाकली तर काय करावं, हे मात्र त्यात असायचं कारण नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. या वेळी मागच्या गल्लीत, जिथे दुकानाची पायरी रस्त्याच्या खाली गेलेली असते अशा एका दुकानात. काउंटरवर सत्तरीचे काका. मी म्हटलं, निब हवी. ते म्हणाले, "जुनी आणलीत?"

नव्हती आणली. ती पेनात होती, पेन घरी होतं.

"कुकरची रिंग आणायला जाता तेव्हा जुनी रिंग नेता की नाही?"

नेते. एकदा नुसत्या आठवणीवर पाच लिटरची रिंग आणून तीन लिटरच्या कुकरला बसवायचा प्रयत्न करून झालेला आहे, त्यामुळे मी गप्प बसले. रिक्षाने घरी, रिक्षाने परत. तीस रुपयांच्या निबेसाठी दीडशे रुपयांची रिक्षा झाली. हा हिशोब मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

काकांनी पेनाची मान फडक्यात धरली आणि निब सरळ बाहेर ओढली. पिरगाळली नाही. निबेबरोबर तिच्या खालची काळी जीभ आली. मला वाटत होतं पेन म्हणजे निब आणि नळी, बाकी सगळं टोपण. सगळी करामत त्या जिभेत असते. तिच्या पाठीवर केसाएवढी खाच असते. समईची वात तेल वर ओढते तशी ती खाच शाई निबेपर्यंत आणते. पण जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पालथ्या बाटलीतून पाणी जसं अडत, बुडबुडत येतं तसं होणार. शाई आणि हवा दोघींना वाट देणारी जीभ न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमनने केली आणि १८८४ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या आधीही शाई भरायची पेनं होती, पण ती एक तर लिहायची नाहीत, नाहीतर सगळी एकदम लिहायची.

काकांनी गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडला. आत निबाच निबा, पिवळ्या, पांढऱ्या, दोन रंगांच्या. माझी निब सहा नंबरची निघाली, टोकापासून बुडापर्यंत साधारण ३५ मिलिमीटर. मला वाटलं, नंबर कळला, काम झालं. पण तो नंबर बुटांच्या नंबरासारखा. एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीच्या सहाला चावतो. जगातल्या कितीतरी पेनकंपन्या निबा स्वतः करतच नाहीत, जर्मनीतल्या बॉक किंवा योवोकडून घेतात, आणि त्या दोघांच्या सहा नंबरांचंही आपसात जमेलच असं नाही. काकांनी एकेक निब जिभेवर ठेवली आणि उजेडाकडे धरून बघितली. जीभ आणि निब यांच्यामध्ये फट दिसली की निब परत डब्यात. पाचवी बसली. तिच्यावर बारीक अक्षरांत 'इरिडियम पॉइंट, जर्मनी' असं कोरलेलं होतं. मी जरा हरखले.

"ते वाचू नका," काका म्हणाले. "कोरायला काय लागतं? हे टोक बघा."

भिंगातून टोकाशी मोहरीच्या चतकोराएवढा मणी दिसला, मधोमध चिरलेला. निब पोलादाची, पण कागदावर घासतो तो मणी वेगळ्या कठीण मिश्रधातूचा. त्याच्या दोन अर्ध्या एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली झाली की पेन कागद खरवडतं. काकांनी अंगठ्याच्या नखाने एका बाजूला अगदी किंचित दाब दिला, पुन्हा भिंगातून बघितलं आणि पेन दौतीत बुडवून माझ्यापुढे सरकवलं. "लिहा."

मी नाव लिहिलं.

"ताई, कार्बन काढताय का?"

मी वर बघितलं. त्यांनी कागद उलटा करून दाखवला. माझं नाव मागच्या बाजूने ब्रेलसारखं फुगून आलं होतं. बॉलपेनात टोकाची गोळी फिरली तर घट्ट शाई उतरणार, म्हणून तीस वर्षं मी दाबत आले. बँकेच्या स्लिपा दाबून, पावतीबुकं दाबून, तीन प्रतींवर सह्या दाबून. शाईच्या पेनाला दाब लागत नाही, निब कागदाला टेकली की शाई आपण होऊन उतरते. दाबलं तर निबेची टोकं फाकतात, आणि रोज दाबलं तर ती फाकलेलीच राहतात. म्हणजे फरशीने एका क्षणात केलं ते मी दोन महिन्यांत करून दाखवलं असतं. लेकीचं काय, ती परवापर्यंत पेन्सिलीने लिहीत होती, तिचा हात हलका आहे. अडाणी हात माझा होता.

वाकलेली निब काकांनी कागदाच्या कपट्यात गुंडाळून परत दिली. मी ती पर्समध्ये टाकून विसरले. अण्णा विसरले नव्हते.

"जुनी कुठंय?"

दिली. ते आत गेले, त्यांच्या टेबलाचा खालचा खण करकरला, आणि ते एक जाडजूड काळं पेन घेऊन आले. काळं म्हणजे एके काळी काळं, आता शेवाळलेल्या कौलासारखं. एबोनाइटचं, लेथवर कातलेलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, अंगठ्याने चोळलं की अजून सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो. मी ते गरम पाण्याने धुवायला निघाले होते, अण्णांनी हात धरला. गरम पाण्याने ते आणखी विटतं. जिल्हा परिषदेत असताना त्यांनी त्याने लिहिलेलं. निब गेली, सुटी मिळेना, आणि पेन खणात गेलं. किती वर्षं? "तू या घरात यायच्या आधीपासून."

रविवारी सकाळी ते खिडकीत बसले. वाकलेली निब अंगठ्याच्या नखावर, थोडी इकडे, थोडी तिकडे, भिंग, पुन्हा नख. दोन तासांत चहा दोनदा गार झाला. मी म्हटलं, "अण्णा, नवी आणते ना मी, आता दुकान माहीत झालंय." ते म्हणाले, "कशाला? ही आहे ना." शेवटी जावा शेजारी शेजारी बसल्या. अबोला होताच, पण बसल्या.

भरायचं काम माझ्याकडे आलं. या पेनात पिचकारी वगैरे काही नाही. मान फिरवून काढायची आणि पोटातच शाई ओतायची. ड्रॉपर सापडेना म्हणून मी मेडिकलमध्ये सिरिंज मागितली.

"कोणाला द्यायचंय?"

"पेनाला."

मेडिकलवाल्याने सुई काढून घेतली आणि नुसती नळी दिली. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं असतं, तेही फिरवलं. भरताना अण्णा बाजूला उभे राहून थेंब मोजत होते. त्यांच्या वर्गात शाई उसनी मिळायची ती थेंबांवर. पाच थेंब घेतले की पाच परत, आणि देणाऱ्याने सहावा पाडला तर तो त्याच्या नशिबाचा. सांडलेली शाई खडूने टिपायची, मग तो निळा खडू फळ्यावर कुणी वापरला म्हणून चौकशी. त्यांच्या घरी दौत विकत येत नसे, शाईची पुडी आणून पाण्यात कालवत. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरुवात केली ती अशाच पुड्या आणि गोळ्यांनी, त्यांचं नाव हॉर्स ब्रँड. कॅमल, कॅम्लिन हे पुढचं. घोड्यावरून उंटावर, अण्णा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

पेन दहा दिवस उत्तम चाललं. अकराव्या दिवशी दुधाच्या हिशोबाच्या वहीवर एकदम टपोरा थेंब पडला. मला वाटलं निब पुन्हा गेली. निब ठीक होती. पोटात शाई कमी आणि हवा जास्त झाली, की हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. म्हणून असं पेन रिकामं व्हायची वाट बघायची नसते, निम्म्यावर आलं की भरायचं. हे अण्णांना ठाऊक होतं. बोलले नाहीत. थेंब पडला तेव्हा त्यांनी फक्त वही जरा पुढे सरकवली, दुसरा टेबलावर पडू नये म्हणून.

आता रात्री लेक झोपली की मी तिचं पेन घेऊन पाठकोऱ्या कागदावर लिहिते, 'श्री', 'क्ष', माझं नाव. मागची बाजू चाचपून बघते. अजून फुगतं, पण सहीतलंच, शेवटच्या फराट्याला.

अण्णांनी शब्दकोड्यासाठी पेन्सिल सोडली. पेपराचा कागद शाईला कसला थारा देतोय, अक्षर टेकलं की फुटतं, चौकोन भरून शेजारच्या चौकोनात जातं. आडव्या शब्दाने उभा शब्द बुडतो. ते ठाम आहेत. काल पेपर माझ्या हातात आला तेव्हा कोड्याच्या मागच्या बाजूचं राशिभविष्य पार निळं झालेलं होतं. मेष आणि मीन तेवढ्या वाचता आल्या. माझी तूळ.