लॉक म्हणजे लॉक : आमची वाटचाल

सुरुवात अंधेरीला, वीरा देसाई रोडवरच्या एका खोलीत झाली. एडिटचं मशीन तेव्हा नव्हतं, आजही नाही. ‘मग तुमच्या पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीत चालतं तरी काय?’ असं नातेवाईक अजून विचारतात. एडिटर, साउंड, संगीत, व्हीएफएक्स आणि डीआय (रंग जुळवणारे) या सगळ्यांकडे बरोबर माल बरोबर वेळेला पोचवायचा, हेच आमचं काम.

रिळांच्या काळात निगेटिव्ह लॅबच्या ताब्यात असायची, काळजीही लॅबच घ्यायची. डिजिटल आलं आणि अख्खा सिनेमा निर्मात्याच्या कपाटात हार्ड डिस्कवर येऊन पडला. आमच्यासारख्यांचा धंदा तिथून सुरू झाला.

या कामाची खरी परीक्षा पिक्चर लॉकनंतर, म्हणजे एडिट पक्कं झाल्यावर असते. साधारण 20-20 मिनिटांचे भाग (आम्ही अजून त्यांना रिळंच म्हणतो) करून सगळ्या विभागांत काम एकदम सुरू होतं. अशात रात्री दिग्दर्शकांचा फोन येतो, “रीळ 3 मधून अर्धा सेकंद काढायचाय हो, फक्त 12 फ्रेम!” त्या 12 फ्रेमनी पुढचं डबिंग, फोली (पावलं, भांडी असे स्टुडिओत केलेले आवाज), पार्श्वसंगीत, सबटायटल, सगळं सरकतं. आम्ही नाही म्हणत नाही. “काढू या सर. कोणाकोणाला परत बसावं लागेल आणि खर्च किती, ते सकाळी मेल करतो. निर्मात्यांना मी कळवू, की तुम्ही बोलता?” बहुतेक वेळा तो अर्धा सेकंद सिनेमात राहतो.

नवा मुलगा घेताना आम्ही सॉफ्टवेअर विचारत नाही, ते सहा महिन्यांत येतं. हातात एक डिस्क देतो आणि म्हणतो, आत काय आहे ते लिहून दे. जो आधी कॉपी करतो, चेकसम (कॉपी मूळ फाइलसारखीच आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवतो आणि मग ‘बाकी शूट 24 फ्रेमवर, हा ड्रोन 25 वर का?’ असं विचारतो, तो आमचा. हा प्रश्न पहिल्या आठवड्यात आला तर फुकटात सुटतो, शेवटच्या साउंड मिक्सिंगला आला तर रडवतो.

सेन्सॉरचं वेगळंच. अर्ज ई-सिनेप्रमाण या बोर्डाच्या पोर्टलवर जातो. सिनेमात बैल असला तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं, विडी ओढली तर तंबाखूची सूचना. 2024 च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचा) प्रमाणपत्रातही 7+, 13+, 16+ आले. बोर्डाने कट सांगितला की लॉक पुन्हा उघडतो, म्हणून रिलीजच्या तारखेपासून उलटं मोजून अर्ज कधी जाणार ते आम्ही पहिल्याच मीटिंगला ठरवतो. तेव्हा तारीख जाहीर करून बसलेले निर्माते आमच्याकडे रागाने बघतात.

डीसीपीची (थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीची) केडीएम, म्हणजे ती उघडणारी डिजिटल किल्ली, थिएटरच्या कोणत्या सर्व्हरवर, कधीपासून कधीपर्यंत चालणार, हे गुरुवारी दोघांनी वेगवेगळं तपासायचं. मराठी सिनेमाला शुक्रवारी सकाळचा शो मिळणंच मुश्कील, तो किल्लीपायी घालवून कसं चालेल?

पैशाचंही सांगतो. एका निर्मात्याकडचं उरलेलं बिल आजतागायत आलेलं नाही. तेव्हापासून करारात कलम आहे : शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच मास्टर (सिनेमाची अंतिम मूळ प्रत) बाहेर. वाचताना निर्माते तिथे थबकतात, चहा मागवतात आणि सही करतात.