तुम्ही विचारलंत म्हणून: सही तर तिनेच केली ना?

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाची पिशवी काढायच्या ऑपरेशनबद्दल कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी हे विचारतंच. बाई सज्ञान आहे, फॉर्मवर सही तिची आहे, वर तीच डॉक्टरला म्हणते काढून टाका एकदाची, मग डॉक्टरचं चुकलं काय?

2019 मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हाच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या.

आता ती सही कशी होते ते बघा. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, सीझनच्या आधीच घेऊन खर्च झालेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे एकजण जरी आडवा झाला तरी कामाचा खाडा पडतो आणि मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, त्याचे पैसे कापतो. राहायला उसाच्या फडाजवळ कोपी म्हणजे झोपडी, संडास नाही, पाळीत कापड धुवायला पाणी नाही, पहाटे अंधारात तोडणी सुरू आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, पोटुशी असली तरी. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, जाणारच ना! मग ती प्रायव्हेट दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, आणि सांगतात पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल. साधं इन्फेक्शन असेल तर गोळ्यांनी बरं होतं हे सांगायला कुणाला वेळ नसतो, आणि सोबत अंडाशयं काढली तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होऊन अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हे तर कुणी बोलतच नाही. तिला एवढंच कळतं की पाळीची कटकट संपेल, खाडे वाचतील. अशी बाई सही करेल नाहीतर काय करेल?

(काही ऑपरेशनं खरंच लागतात, मोठ्या गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

नुसत्या सहीने भागत नाही हे सुप्रीम कोर्टानेही 2008 मध्ये समीरा कोहली केसमध्ये सांगितलंय. तिथे दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून पिशवी आणि अंडाशयं काढली होती. कोर्ट म्हणालं ही संमती चालणार नाही, आणि पेशंटला आजार काय, दुसरे उपाय कोणते, धोके काय हे आधी सांगायलाच हवं. युनेस्कोच्या 2005 च्या बायोएथिक्स जाहीरनाम्यातलं आठवं कलम तर याच्यावरच आहे, समोरचा माणूस किती अडलेला आहे ते उपचार करताना धरूनच चालायचं. म्हणजे ती जेवढी जास्त अडलेली, तेवढी डॉक्टरची जबाबदारी जास्त. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, अडलेली बाई म्हणजे पटकन तयार होणारं गिऱ्हाईक.

बीडमध्ये नंतर पिशवी काढण्याआधी सिव्हिल सर्जनची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रमुखाची, परवानगी घ्यायचा नियम आला, तो चांगलाच आहे. पण मला विचाराल तर आधी आजारपणाचा खाडा कापणं बंद करा आणि फडावर पाणी-संडास द्या, मग दवाखान्यातल्या फॉर्मबद्दल बोलू.