धर्मसंस्थेच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स: आधी १२० क्रेडिटचा हिशोब मांडा

अमेरिकेत बॅचलरची पदवी बहुतेक ठिकाणी १२० सेमिस्टर क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक) असते. एक कोर्स ३ किंवा ४ क्रेडिटचा, म्हणजे चार वर्षांत तीस ते चाळीस कोर्स. चर्चच्या, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या किंवा ज्यू धर्मसंस्थेच्या कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी घ्यायचं मनात असेल, तर ब्रोशर बाजूला ठेवा आणि या १२० ची वाटणी कागदावर मांडा. अशा लहान कॉलेजांत प्राध्यापक बहुधा जीव तोडून शिकवतात. गाडी अडते ती या वाटणीत, आणि हवा तो कोर्स हव्या त्या वर्षी लागत नाही तेव्हा.

बीएसची (बॅचलर ऑफ सायन्स) नमुन्यादाखल मांडणी घेऊ. कॉम्प्युटरचे ४८, गणिताचे १६, लॅबसकट विज्ञानाचे ८, लेखन-इतिहास-साहित्य वगैरे कोअरचे (सगळ्यांना सक्तीच्या विषयांचे) ३२ आणि धर्मशिक्षणाचे १२. झाले ११६. उरले ४, म्हणजे चार वर्षांत पूर्णपणे स्वतःच्या मनाने घ्यायचा एकच कोर्स. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, ४८ मध्ये दोन-तीन इलेक्टिव्ह (निवडीचे कोर्स) मिळतात, तेवढीच मोकळीक. मायनर (दुय्यम विषय) करायचा बेत इथेच कोलमडतो. बीएला कॉम्प्युटरचे ३६ आणि गणिताचे ८ यांत भागतं, पण बऱ्याच ठिकाणी परकी भाषा सक्तीची असते. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना काही कॉलेजं त्यातून सूट देतात. ती आपणहून कोणी सांगत नाही, लेखी मागावी लागते.

धर्मशिक्षणाचा वाटा कॉलेजागणिक फार बदलतो. बॉस्टन कॉलेज या जेझुइट विद्यापीठात धर्मशास्त्राचे दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स कोअरमध्ये आहेत. मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात धर्माचे १४ क्रेडिट लागतात. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात मुलांची सकाळ तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या अभ्यासात जाते आणि बाकीचे विषय दुपारपासून सुरू होतात, त्यामुळे तिथे क्रेडिटच्या आधी तासांचा हिशोब करावा लागतो. बऱ्याच बायबल कॉलेजांत तर प्रत्येकाला बायबलचा मेजर असतोच आणि कॉम्प्युटर त्याच्या जोडीला येतो. अशा पदवीत ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि अल्गोरिदम दोन्ही सक्तीचे आहेत का ते नीट पाहा, बहुधा नसतात.

एक गोष्ट आवर्जून विचारा: कम्प्युटिंग एथिक्सचा कोर्स मेजरमध्ये आणि कोअरमध्ये दोन्हीकडे धरतात का? विज्ञानाचा, स्टॅटिस्टिक्सचा? अशा दुहेरी मोजणीतून ६ ते ९ क्रेडिट सुटतात, आणि तेवढ्यात दोन-तीन चांगले कोर्स बसतात.

आता खरी मेख, प्रीरिक्विझिटची, म्हणजे आधी पूर्ण कराव्या लागणाऱ्या कोर्सेसची साखळी. लहान डिपार्टमेंटमध्ये तीन ते पाच पूर्णवेळ प्राध्यापक असतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचे कोर्स दरवर्षी लागतात, मधले वर्षातून एकदाच, आणि वरचे एक वर्षाआड. समजा कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय डिस्क्रीट मॅथ घेता येत नाही आणि डिस्क्रीट फक्त स्प्रिंगला (जानेवारीच्या सेमिस्टरला) असतं. डेटा स्ट्रक्चर्सला प्रोग्रॅमिंगचा दुसरा कोर्स आणि डिस्क्रीट दोन्ही लागतात, आणि तो फक्त फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) असतो. अल्गोरिदम्सला आधी डेटा स्ट्रक्चर्स झालेला हवा, आणि अल्गोरिदम्स विषम वर्षांच्या फॉललाच असतो. २०२५ च्या फॉलला आलेला विद्यार्थी थेट कॅल्क्युलसमध्ये बसला तर २०२६ च्या स्प्रिंगला डिस्क्रीट, त्याच फॉलला डेटा स्ट्रक्चर्स, २०२७ च्या फॉलला अल्गोरिदम्स. सगळं सुरळीत. पण गणिताच्या कोणत्या कोर्सला बसवायचं ते ठरवणाऱ्या ऑगस्टमधल्या प्लेसमेंट टेस्टमध्ये दोन-चार गुण कमी पडून त्याला प्रीकॅल्क्युलसला बसवलं, तर कॅल्क्युलस १ जातं २०२६ च्या स्प्रिंगला आणि डिस्क्रीट २०२७ च्या स्प्रिंगला. डेटा स्ट्रक्चर्स मिळतो २०२७ च्या फॉलला, म्हणजे नेमका अल्गोरिदम्स लागतो त्याच सेमिस्टरला. पुढचा अल्गोरिदम्स २०२९ च्या फॉलला, आणि पदवी तर २०२९ च्या स्प्रिंगला पूर्ण व्हायची होती. एका टेस्टमुळे एक सेमिस्टर वाढलं, नाहीतर तो कोर्स ‘इंडिपेंडंट स्टडी’ म्हणून प्राध्यापकाच्या मेहेरबानीवर करायचा.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. प्लेसमेंट टेस्टआधी महिनाभर त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि फंक्शन्स घासून घ्या. तरीही खाली बसवलं, तर पहिल्या उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात गणिताचा राहिलेला कोर्स करता येतो. मात्र तो आपल्याकडे चालेल का हे रजिस्ट्रारकडून कोर्स घेण्याआधी लेखी घ्या. वरच्या उदाहरणात उन्हाळ्याने सुटका होत नाही, कारण अडकलं आहे ते डिस्क्रीट. ते उन्हाळ्यात कुठे मिळालं तरच साखळी पुन्हा जुळते. म्हणून कोणता कोर्स हरवला यापेक्षा कोणत्या कोर्सवर पुढचे तीन कोर्स टांगलेले आहेत ते शोधा.

एपी कॉम्प्युटर सायन्स ए (शाळेतच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) दिलेल्यांना बहुधा पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सचं क्रेडिट मिळतं. एपी प्रिन्सिपल्सचं क्रेडिट बऱ्याच ठिकाणी नुसतं इलेक्टिव्हमध्ये जातं. एपी ए ची परीक्षा जावात असते. कॉलेजचा पहिला कोर्स पायथनमध्ये आणि दुसरा सी++ मध्ये असेल, तर थेट दुसऱ्यात उडी मारणारा पॉइंटर आणि मेमरीशी पहिल्याच आठवड्यात झगडत बसतो. उडी जरूर मारा, पण आधी उन्हाळ्यात सी++ मध्ये स्वतः लिंक्ड लिस्ट लिहून, ती नीट मोकळी करून दाखवता यायला हवी.

पुरेशी मुलं आली नाहीत की वरचा कोर्स रद्द होतो. प्राध्यापक सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले की त्यांचा विषय वर्षभर बंद. अशा वेळी कॉलेज दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन कोर्स सुचवतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर इथे थांबा. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटचा पूर्ण भार लागतो आणि त्यात ऑनलाइनचा एकच वर्ग, म्हणजे जास्तीत जास्त ३ क्रेडिट, मोजला जातो. दोन रद्द कोर्सेसच्या जागी दोन ऑनलाइन घेतले आणि वर्गातले तेवढे उरले नाहीत, तर व्हिसाची स्थिती धोक्यात येते. आय-२० वरचा (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवरचा) प्रोग्रॅम कोडही पाहून ठेवा. कॉम्प्युटर सायन्सचा कोड ११.०७०१ आहे आणि तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या १२ महिन्यांच्या परवानगीनंतर, म्हणजे ओपीटीनंतर, आणखी २४ महिने मागता येतात. बिझनेस स्कूलमधल्या इन्फर्मेशन सिस्टिम्सचा कोड वेगळा असतो. तो यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच तपासा.

नावांच्या भानगडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिपार्टमेंट लहान असेल तर साधं कॉम्प्युटर सायन्स घ्या. सायबर सिक्युरिटी, गेम डेव्हलपमेंट, एआय अशी आकर्षक नावं तिथे बऱ्याचदा सीएसच्याच पहिल्या दोन वर्षांवर दोन-तीन कोर्स चढवून तयार होतात, आणि ते दोन-तीन बाहेरून येणारे अर्धवेळ शिक्षक चालवतात. तो माणूस गेला की नाव उरतं.

एबेट ही कॉम्प्युटिंग आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था. तिचा शिक्का कॉलेजला नसतो, एकेका प्रोग्रॅमला असतो, आणि तो ऐच्छिक आहे. कॉम्प्युटर सायन्ससाठी त्यात कॉम्प्युटिंगचे किमान ४० क्रेडिट, गणिताचे किमान १५ (त्यात डिस्क्रीट हवंच) आणि लॅबसह विज्ञानाचे ६ लागतात. शिवाय आधीचं शिक्षण एकत्र आणणारा एक मोठा प्रोजेक्ट. शिक्का नसलेली चांगली डिपार्टमेंट्स पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी हाच मापदंड स्वतः लावा: आर्किटेक्चर, डेटाबेस, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम्स, पॅरलल आणि डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग या पाचांची ओळख होते का, आणि अल्गोरिदम, थिअरी, प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस, सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट यांत खोल शिरतात का. लहान कॉलेजांत पहिला बळी जातो तो थिअरीचा.

मग अशा ठिकाणी जायचं कशाला? कारण एक गोष्ट तिथे खरोखर चांगली होऊ शकते. धर्मसंस्था आणि संगणक यांचं नातं जुनं आहे. रोबेर्तो बूसा या इटालियन जेझुइट पाद्र्याने १९४९ मध्ये आयबीएमची मदत मिळवून थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन कॅथलिक धर्मचिंतकाच्या लिखाणाची शब्दसूची पंचकार्डांवर करायला घेतली. सिस्टर मेरी केनेथ केलर यांनी १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्सची पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नंतर आयोवातल्या डब्यूक इथल्या क्लार्क या कॅथलिक कॉलेजात त्यांनी कॉम्प्युटरचं डिपार्टमेंट उभं केलं आणि वीस वर्षं चालवलं. तासाच्या सुरुवातीला प्रार्थना आणि मग नेहमीचं लेक्चर, एवढंच होत असेल तर त्या वारशाचा उपयोग झाला नाही. असाइनमेंटमध्ये काय मागतात ते पाहा.

चांगल्या असाइनमेंटचा एक नमुना देतो. चर्चसाठी प्रार्थनेच्या विनंत्यांचं अ‍ॅप. टेबल साधं आहे: नाव, विनंती, तारीख, नोंदवणारा. पहिलीच ओळ येते, ‘माझ्या भावाला कॅन्सर निघालाय, त्याने मुलांना अजून सांगितलेलं नाही.’ ही तिसऱ्या माणसाची माहिती, त्याच्या नकळत आलेली. कोणाला दिसावी? पास्टरला, प्रार्थना गटाला, की सगळ्यांना? मग कोणीतरी ‘काढून टाका’ म्हणतं. विद्यार्थ्याने डिलीटसाठी नुसता एक फ्लॅग (‘काढलं’ अशी खूण) ठेवला असेल तर ओळ टेबलात तशीच राहते. ती खरोखर पुसली तरी बॅकअपमध्ये उरते. आणि अ‍ॅपने सकाळीच दोनशे लोकांना विनंतीच्या मजकुरासकट ईमेल पाठवली असेल, तर ती आता दोनशे मेलबॉक्समध्ये आहे. म्हणून नोटिफिकेशनमध्ये मजकूर जाऊ नये, फक्त लिंक जावी. बॅकअपची मुदत ठरलेली असावी आणि ती वापरणाऱ्याला आधी सांगितलेली असावी. सर्व्हरच्या लॉगमध्ये मजकूर उमटतो का, तेही तपासावं. हिपा हा आरोग्यमाहितीचा अमेरिकी कायदा साधारणपणे चर्चला लागू होत नाही, त्यामुळे इथे कायदा हात धरत नाही. एसीएम या कॉम्प्युटर व्यावसायिकांच्या संघटनेच्या २०१८ च्या आचारसंहितेतलं खासगीपणाचं कलम १.६ आणि गोपनीयतेचं १.७ समोर ठेवून, प्रत्येक निर्णयाचं कारण लिहायला लावणारा प्राध्यापक भेटला, तर धर्म आणि कोड एकाच कागदावर आले असं समजा. असं शिक्षण मोठ्या विद्यापीठात तीनशे मुलांच्या वर्गात मिळणं अवघड आहे.

चॅपलबद्दल, म्हणजे कॅम्पसवरच्या सामूहिक प्रार्थनेबद्दल, थोडक्यात. कॅल्विन विद्यापीठात ते ऐच्छिक आहे, इतर अनेक ठिकाणी हजेरी मोजतात. व्हीटनसारख्या कॉलेजात राहणीच्या नियमांच्या करारावर सही करावी लागते, जेझुइट कॉलेजांत श्रद्धेची अट नसते. सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. न पटणारी सही चार वर्षं जड जाते. शब्बाथ किंवा रविवार पाळणाऱ्या कॅम्पसवर शनिवार-रविवारातला एक दिवस लॅब आणि लायब्ररी बंद असते, तेव्हा ग्रुप प्रोजेक्टची मुदत त्या हिशोबाने धरा.

कॉलेज टिकेल का, हेही बघायलाच हवं. पोर्टलंडचं कॉन्कॉर्डिया विद्यापीठ २०२० मध्ये बंद झालं, पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी २०२४ मध्ये. शिक्षण खात्याकडे खासगी कॉलेजांच्या आर्थिक स्थितीचा गुणांक असतो, उणे १ ते ३ या पट्टीवर, आणि १.५ च्या खाली काळजीचं कारण आहे. कॉलेज नॅव्हिगेटर या सरकारी साइटवर एका वर्षात कॉम्प्युटर सायन्सच्या किती पदव्या दिल्या तेही मिळतं. आकडा ४ असेल तर वरचे कोर्स रद्द होण्याची भीती खरी आहे. १५-२० असेल तर बरं. पदवीनंतरच्या कमाईचे आकडे कॉलेज स्कोअरकार्डवर असतात, पण संख्या लहान असली की खासगीपणासाठी झाकलेले असतात. ते दिसले नाहीत म्हणून वाईट अर्थ काढू नका.

डिपॉझिट भरण्याआधी डिपार्टमेंटच्या प्रमुखांना ईमेल करा आणि दोन गोष्टी मागा: पुढच्या चार वर्षांचं कोर्स रोटेशन, आणि मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात लागलेल्या वरच्या कोर्सेसची यादी. दोन्ही शेजारी ठेवा. रोटेशनमध्ये आहे पण यादीत नाही, असे कोर्स लाल पेनाने खोडा. मग आठ सेमिस्टरचे आठ चौकोन आखून उरलेले कोर्स पेन्सिलने भरत जा, धर्मशिक्षणाचे आणि गणिताचे आधी. उत्तरात नुसती कॅटलॉगची लिंक आली तर पुन्हा लिहा. कॅटलॉगमध्ये कोर्स असतो, तो कधी लागणार हे नसतं.