काटा पाणी मोजत होता

आप्पांना वॉर्डात आणलं तेव्हा ते अर्धवट झोपेत असल्यासारखे बोलत होते. आज वार कोणता विचारलं, तर म्हणाले, "खासबागेत कुस्ती कुणाची हाय?" डॉक्टरांनी त्यांना हात समोर ताठ धरून पंजे वर वळवायला लावले. पंजे ठरेनात, सारखे खाली पडून फडफडत होते. लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन निकामी होत गेलेलं, पोटात पाणी, त्यात चार दिवस पोट साफ नाही. आतड्यातला अमोनिया एरवी यकृत अडवतं आणि त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवतं. इथं तो अडवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मेंदूपर्यंत पोचला. लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध सुरू झालं, पोट मोकळं झालं आणि दुसऱ्या दिवशी आप्पा नातवाला नावानं हाका मारायला लागले.

मला बोलावणं आलं ते त्यानंतर, पथ्याचा कागद लिहायला.

आप्पा जुने पैलवान. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण तालीम सुटली तरी खुराक सुटला नाही. मग मधुमेह, फॅटी लिव्हर आणि शेवटी हे. कोल्हापुरात ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य मीच बोलून टाकते.

घरी काय देत होता, असं काकूंना विचारलं. सकाळी उसाचा रस (मधुमेह्याला!), दुपारी पातळ भात, रात्री सातला पेज. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी नऊला चहा. डाळ, दूध, अंडी, मटण सगळं बंद. पिवळं नको म्हणून फोडणीतली हळदसुद्धा काढलेली. "कागदावरच लिवलंय बघा, प्रथिने वर्ज्य. आनि वजन काय उतरलं न्हाई ह्यांचं, अठ्ठ्याहत्तरच हाय."

मी टेप काढून दंडाभोवती गुंडाळली. कातडी सैल लोंबत होती, आत दंड असा उरलाच नव्हता. कानशिलं खोल गेलेली, अंगठ्याच्या मुळाशी खळगा. आणि खाली पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. काटा पाणी मोजत होता. काकूंचं बोट धरून तो खड्डा त्यांना दाखवला, तेव्हा त्या गप्प झाल्या.

पचलेल्या अन्नातलं ग्लुकोज आणि अमिनो आम्लं आतड्यातून एका मोठ्या शिरेनं आधी यकृतात जातात. ग्लुकोजचा काही भाग यकृत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, धडधाकट माणसात साधारण 100 ग्रॅम. रात्री आपण झोपलेलो असताना त्यातूनच रक्ताला साखर मिळते, कारण एकट्या मेंदूलाच दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास लागते. स्नायूंतही साठा असतो, उलट जास्तच, पण ती साखर ते रक्तात सोडू शकत नाहीत, स्वतःच वापरतात. सिरॉसिसमध्ये यकृताचा साठा लवकर संपतो. तुमच्या-माझ्या दोन-तीन दिवसांच्या उपासानं जे होईल, ते अशा माणसाला एका रात्रीत होतं. मग शरीर स्नायू मोडून त्यातल्या अमिनो आम्लांपासून साखर बनवतं. आप्पांचा दंड असा रोज रात्री थोडाथोडा गेला होता. वर यकृत थकलं की अमोनिया उचलायला स्नायूच मदत करतात, म्हणजे तीही मदत गेली.

काकूंना दोष देण्यात अर्थ नव्हता. प्रथिनं तोडायची ही आमच्याच क्षेत्रातली जुनी शिकवण. आता ती मागे पडली आहे, तरी छापील कागद फिरतच राहतात. आता सांगतात ते पाणी वजा करून उरलेल्या वजनामागे किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं. मी डाळ, ताक, अंडी परत आणली, उसाचा रस काढला, दिवसाचं खाणं पाच-सहा वेळांत वाटलं. सगळ्यात जाड अक्षरात लिहिलं ते रात्री दहाचं: झोपण्याआधी दूध-भाकरी. मधुमेहाची औषधं त्या हिशेबानं डॉक्टरांनी बदलली.

मिठावर मात्र भांडण झालं. पोटातल्या पाण्यामुळे खर्डा, पापड, लोणचं बंद म्हटल्यावर आप्पा पहिल्यांदा नीट उठून बसले. "मग भाकरी कशासंगं खायाची?" लिंबू, लसूण, कोथिंबीर यांवर तडजोड झाली. दुधावर ते खूश होते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीखालचं धारोष्ण पिऊन येतो म्हणाले. कच्चं दूध तुम्हाला चालणार नाही, जंतुसंसर्ग झेपायचा नाही, तापवूनच घ्यायचं, असं मी सांगितलं.

"तापवून?" आप्पा काकूंकडे वळले. "ह्या बाई कोल्हापूरच्याच हाईत न्हवं?"