हाराजुकूचा झगा आणि अर्धा क्विंटल कापूस

ट्रायल रूममध्ये जाण्यापूर्वी दुकानातल्या मुलीने माझ्या लेकीच्या हातात एक पातळ, पांढरी, आरपार दिसणारी पिशवी ठेवली आणि ती डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घ्यावी, अशी हातांनी खूण केली. ते पाहून माझी आई जे बोलली, त्यासाठी हे लिहिते आहे. क्योटोची देवळे, नाराची हरणे आणि ढगांमुळे न दिसलेला फुजी यांत जपानमधले आमचे सहा दिवस गेले, पण त्यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरची शेती कापसाची आणि तुरीची. मी शाळेत शिकवते. धाकटा भाऊ तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो, जिथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. मे २०२५ मध्ये त्याने आम्हा तिघींना, म्हणजे आईला, मला आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या माझ्या लेकीला बोलावून घेतले. लेकीने निघण्याच्या महिनाभर आधीपासून एकच ध्यास घेतला होता: तोक्योतल्या हाराजुकूची ताकेशिता गल्ली पाहायची, तिथला झगा घ्यायचा आणि तिथला रंगीबेरंगी खाऊ खायचा. झालरींच्या, गोल कॉलरच्या, खेळण्यातल्या बाहुलीला शोभतील अशा त्या कपड्यांना तिथे ‘कवाई’ म्हणतात, म्हणजे गोंडस, हेही तिनेच मला शिकवले. मी मात्र मनाशी ठरवले होते की तिला गल्ली दाखवायची, पण असल्या कपड्यांवर एक रुपया मोडायचा नाही. लेकीच्या आवडीला मी न पाहताच उथळ ठरवले होते, ही गोष्ट मला आज कबूल करावीशी वाटते.

निशी-कासाईहून तोझाई मार्गाने ओतेमाची आणि तिथून चियोदा मार्गाने मेजी-जिंगुमाए, एवढाच तो प्रवास. तिथे एका अंगाला मेजी देवस्थानाचे दाट वन आहे. १९२० मध्ये हे देवस्थान उभे राहिले तेव्हा देशभरातल्या लोकांनी त्यासाठी सुमारे एक लाख झाडे दिली होती, असे भावाने सांगितले, आणि आईचा पाय तिथून निघेना. दुसऱ्या अंगाला काही मिनिटांवर ताकेशिता गल्ली. जेमतेम साडेतीनशे मीटर लांबीची ती गल्ली, पण ती पार करायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण ते दिवस ‘गोल्डन वीक’च्या जोडसुट्ट्यांचे होते. गर्दी सोसवत नसेल त्यांनी एप्रिलअखेरपासून ५ मेपर्यंत तिकडे फिरकू नये, असे मी सांगेन. पण भावाला रजा तेव्हाच होती आणि माझी शाळाही तेव्हाच बंद होती, त्यामुळे हा सल्ला मला स्वतःला पाळता आला नाही. यात्रेत धरावा तसा आईचा हात मी सारा वेळ घट्ट धरून ठेवला होता.

आई माळकरी आहे. क्रेपच्या, म्हणजे पातळ गोड धिरड्यांच्या, दुकानांपुढे काचेमागे स्ट्रॉबेरी, क्रीम आणि चॉकलेट भरलेले कितीतरी क्रेप ओळीने उभे होते, आणि एवढ्या उकाड्यात हे वितळत कसे नाहीत, असे आईने विचारल्यावर भावाने सांगितले की ते खाण्याचे नव्हेतच, नमुने आहेत. १९३२ मध्ये ताकिझो इवासाकी नावाच्या माणसाने मेणाचे असे नमुने विकण्याचा धंदा सुरू केला. आता ते प्लास्टिकचे असतात. खरा क्रेपही आईला चालणार नव्हता, कारण त्याच्या पिठात अंडे असते. प्राण्यांच्या तोंडाचे मऊ मार्शमेलो आणि चकचकीत गोळ्या यांच्या पाकिटांवर भाऊ मोबाइलचा कॅमेरा धरून जपानी अक्षरे वाचून दाखवी, आणि प्रत्येक वेळी त्यात जिलेटिन निघे, जे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. शेवटी जे सापडले ते फक्त साखर आणि रंग यांचे होते: चार रंगांचे, माणसाच्या डोक्याहून मोठे म्हातारीचे केस. आमच्या गावच्या यात्रेत घंटी वाजवत येणारा माणूस हेच ‘बुड्ढीके बाल’ म्हणून विकतो, एकाच गुलाबी रंगात. आईने पिवळ्या कडेचा एक तोळाभर पुंजका तोडला, वेचलेला कापूस पारखावा तसा तो दोन बोटांत धरून पाहिला आणि मग तोंडात टाकला. त्या एका काडीला हजार येन म्हणजे सहाशेच्या जवळपास रुपये पडले, आणि ते मला अजिबात जड वाटले नाहीत.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या कितीतरी जणांनी तसलाच खाऊ हातात धरून फोटो काढले, दोन घास खाल्ले आणि उरलेला कोपऱ्यात ठेवून ते चालते झाले. तिथे रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नसतात. आपला कचरा आपण घरी न्यावा अशी रीत आहे, आणि आम्ही आमच्या चिकट काड्या पिशवीत बांधून निशी-कासाईपर्यंत आणल्या. अन्न फोटोसाठी विकत घेऊन टाकून देणे हे मला आजही सहन होत नाही.

कपड्यांच्या दुकानांत आईने पहिल्या अर्ध्या तासात लेकीची निराशा केली. लेक जो झगा उचले, त्याची कड आई अंगठा आणि तर्जनी यांत चुरगाळी आणि म्हणे, “हे सुती नाही वं माय.” तिचे एकदाही चुकले नाही, भावाने लेबल वाचले की पॉलिएस्टरच निघे. चौथ्या दुकानात मात्र एका झग्यावर तिची बोटे थांबली. सायीच्या रंगाचा, बारीक स्ट्रॉबेरींची नक्षी असलेला, गळ्याला आणि बाह्यांना विणीची झालर लावलेला तो झगा होता आणि लेबलवर लिहिले होते: कापूस १०० टक्के. “घाल माय,” आई म्हणाली, आणि माझा निश्चय तिथेच संपला.

तेव्हाच ती पांढरी पिशवी आली. लेकीने चपला बाहेर काढून ठेवल्या, पिशवी चेहऱ्यावरून ओढली, आणि मी विचारात पडले. भावाने सांगितले की झगा डोक्यावरून घालताना ओठांची लाली किंवा पावडर कपड्याला लागू नये म्हणून ती देतात. आई लगेच म्हणाली, “कापूस वेचतानी आपण डोक्याले फडकं बांधतो ना, तसंच व्हय हे. केस नाही लागला पाह्यजे मालाले.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कापसात केस गेला की तो धाग्यात जातो आणि धाग्यातून कापडात, म्हणून आई चाळीस वर्षे डोक्याला फडके बांधून वेचत आली आहे. सकाळचे दव उडाल्यावर वेचायला लागायचे, वाळलेल्या पानांचा चुरा येऊ द्यायचा नाही, कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, वेगळी ठेवायची, ही तिची शिस्त वेचणाऱ्या बायांनाही पाठ आहे. इतके करूनही आमच्या प्रवासाआधीच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये असताना एका खासगी व्यापाऱ्याने मूठभर कापूस हातात घेऊन ओलावा आणि काडीकचरा दाखवला आणि ७,००० रुपये क्विंटलने तो उचलला. झग्याची किंमत ६,६०० येन होती. पासपोर्ट दाखवल्यावर दहा टक्के कर वगळून ६,००० झाली, म्हणजे आमचे सुमारे साडेतीन हजार रुपये. आईने झगा तळहातावर तोलला. “अर्धा किलो नाही भरत,” ती म्हणाली, “अन् अर्धा क्विंटल लागला.” अर्ध्या क्विंटलातून सरकी काढल्यावर सतरा किलोच्या आसपास रुई उरते, हा हिशेब तिने मोठ्याने केला नाही, पण आम्हा सर्वांच्या मनात तो झालाच.

“इथं कापूस पिकते का रे?” तिने भावाला विचारले. जवळजवळ नाही, तो सारा बाहेरून येतो. झगा चीनमध्ये शिवलेला होता, त्यातला कापूस कुठला ते लेबलवर नव्हते. मला मात्र त्या क्षणी आठवले की १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजसेवा सुरू झाली होती ती मुख्यतः भारतातला कापूस नेण्यासाठीच, आणि वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात अमरावतीवरून ‘उमरा’ म्हणत. आमच्या दारव्ह्यावरून धावणारी, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे टाकली गेली तीही याच कापसाच्या वाहतुकीसाठी. हे सांगितल्यावर आईने झग्याची घडी स्वतःच्या हाताने घातली.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. दुकानातल्या मुलीने कागदी पिशवीवर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण चढवले, कडा नीट खाली ओढल्या, ती पिशवी दारापर्यंत स्वतः आणली आणि वाकून आमच्या हाती दिली. अवकाळी पावसात कापसाच्या गंजीवर ताडपत्री ओढण्यासाठी धावणारी आई मी लहानपणापासून पाहिली आहे. ती त्या मुलीकडे कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि मग भावाकरवी तिने चेहऱ्यावरची तसली एक पिशवी मागून घेतली. मुलीने दोन दिल्या.

गावातल्या मुलींसाठी आणलेली हिरव्या चहाची किटकॅट नागपूर ते दारव्हा या एस. टी.च्या प्रवासात वितळून गेली. जपानी मुले परीक्षेच्या वेळी ‘कित्तो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, म्हणून ती एकमेकांना देतात, एवढे सांगून मी ती तशीच वाटली.

दसऱ्यानंतर आमच्या शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली. लेक तोच झगा घालून आली होती आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीला झालर अडकू नये म्हणून दोन्ही हातांनी घेर सावरून धुऱ्यावर उभी होती. दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाल्यावर आईने त्या दोनपैकी एक पिशवी बायांना दाखवली आणि ती कशासाठी असते ते सांगितले. त्यांच्यातल्या सर्वांत तरुण बाईने ती डोक्यावरून ओढली, हसली, आतून सगळे दिसते म्हणाली आणि तशीच वेचायला लागली. दुपारपर्यंत काड्यांनी पिशवी फाटली, तेव्हा आईने ओटीतून आपले जास्तीचे फडके काढले आणि तिच्या डोक्याला घट्ट बांधून दिले.